वीस तेत्रींचा दोमेन्ती

ओझुर्गेतीच्या बाजारात औषधाच्या दुकानाबाहेर पैसे भरायचं एक यंत्र उभं आहे. विजेचं बिल, फोनचं बिल, पोरांचे खेळ, जावयाचा गाडीचा दंड, काय वाटेल ते त्यात भरता येतं. त्याच्या पोटातली नाणी काढून बँकेत नेऊन घालणं हा माझा धंदा. अशी यंत्रं माझ्याकडे गावभर आहेत आणि इतकी खादाड जात मी दुसरी पाहिली नाही. दहा लारी भरा, वीस तेत्री खातं. पन्नास तेत्री भरा, तरी वीसच तेत्री खातं. शंभर तेत्रींची एक लारी होते एवढं ज्याला कळतं, तो माणूस पन्नास तेत्री घेऊन त्याच्यासमोर उभा राहत नाही.

दारिकोमावशी राहायची. रोज. डोक्याला काळा रुमाल, काखेत पिशवी आणि मुठीत ते एकुलतं एक नाणं. विजेचं बिल ती असं घासाघासानं भरायची.

"मावशी," एकदा मला राहवेना, "पन्नास टाकतेस त्यातले वीस हे खातं. महिन्याचं एकदम भर की!"

"एकदम भरलं की दिवेही एकदम जळतात," ती म्हणाली. "आणि खाऊ दे ना त्याला. दिवसभर पावसात उभं असतं बिचारं. त्यालाही पोट आहे."

आमच्या ह्या गुरिया प्रांतातल्या माणसाशी वाद घालू नये असं बाकीचे जॉर्जियन म्हणतात. मीही गुरियातलाच, त्यामुळे बराच वेळ घातला आणि हरलो. म्हणूनच पुढे एक दिवस ह्याच बाईनं मला सांगितलं की तिला वीस-वीस तेत्रींचा व्यापार काढायचाय, तेव्हा मी यंत्राला टेकून पोट धरून हसलो. आता हसत नाही.

मावशी तरुणपणी चहाच्या कारखान्यात होती. आधी मळ्यात पानं खुडायची, मग हात दुखायला लागले म्हणून तिला कारखान्याच्या सांस्कृतिक भवनाच्या किल्ल्या दिल्या. किल्ल्यांबरोबर टेपरेकॉर्डर आले. तिचा नवरा दोमेन्ती वजनकाट्यावर बसायचा, आणि संध्याकाळी पोलिकार्पे आणि सेवेरियाने या दोघांबरोबर गायचा. आमचं गाणं तीन आवाजांचं. खालचा आवाज घर धरून बसतो, मधला गोष्ट सांगतो, आणि वरचा, ज्याला क्रिमांचुली म्हणतात, तो छपरावर चढलेल्या कोंबड्यासारखा दोघांच्या डोक्यावरून आरवत जातो. असा वरचा गळा गावात एखाद्यालाच मिळतो. आमच्या गावात तो दोमेन्तीला मिळाला होता, आणि त्याबद्दल तो देव सोडून सगळ्यांकडून आभार मानून घ्यायचा.

हे तिघं भवनात गायला बसले की मावशी तिघांच्या तोंडासमोर वेगवेगळा टेप लावायची. तिघं एकदमच गायचे, पण प्रत्येक टेपवर एक आवाज ठळक यायचा आणि बाकीचे दोन भिंतीपलीकडून आल्यासारखे. कारखान्याचा व्यवस्थापक तिच्यावर भडकला होता म्हणे. एका गाण्याला तीन टेपा! सरकारी मालाची नासाडी! मावशीनं त्याला सांगितलं, "गाणं ऐकायचं असेल तर एक टेप पुरे. शिकायचं असेल तर तीन लागतात." पुढे सरकार गेलं, कारखाना गेला, भवनात हेझलनटची पोती आली. टेपा मावशीनं घरी आणून ठेवल्या. सेवेरियाने गेला, पोलिकार्पे गेला, आणि शेवटी दोमेन्तीही गेला.

त्याचं वर्षाचं जेवण झाल्यावर मावशी बाजारात आली ती नाणं न घेता. पिशवी यंत्रावर ठेवली. आत टेपा.

"मालखाझ, तू यंत्रवाला ना? मला असं यंत्र हवंय, जे दुनियेच्या पाठीवर कुठूनही वीस तेत्री घेईल आणि एक आवाज देईल."

"एक गाणं."

"एक आवाज! कानात बोळे घातलेत का?"

"बरं, एक आवाज. पण वीसच तेत्री का?"

"चर्चमध्ये बारकी मेणबत्ती वीस तेत्रींना मिळते. मेलेल्या माणसाच्या नावानं त्याहून जास्त मागायला मला लाज वाटेल."

"आणि तिन्ही आवाज हवे असले कुणाला तर? साठ?"

"तिन्ही मिळणार नाहीत. एका माणसाला एका गाण्यातला एकच. ज्याचा जसा गळा."

इथेच मी हसलो. पण घरी बसून तारा-यंत्रांशी खेळायचा मला नाद आहे, म्हणून टेपा नेऊन ऐकल्या. दोमेन्तीला मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण नेहमी दोघांच्या मध्ये, गर्दीत. एकटा असा कधी ऐकला नव्हता. नुसता तो वरचा आवाज, अंधाऱ्या खोलीत एकटाच उड्या मारणारा, आणि लांबून कुठून तरी त्याचे दोन सोबती. मी काम घेतलं.

टेपा संगणकात उतरवताना नाताळच्या गाण्यात मला एक खोट सापडली. दुसऱ्या ओळीत दोमेन्तीचा आवाज अडतो, काहीतरी गिळल्यासारखा होतो, आणि मग वर उडी मारतो.

"भाकरी," मावशी ऐकताक्षणीच म्हणाली. "मक्याची गरम भाकरी नेली होती मी त्यांच्यासाठी. थांब म्हटलं, आधी गा. पण ह्याला कुठला धीर! तोंडात कोंबली आणि सुरू झाला. गाताना खाऊ नको म्हणून जन्मभर कोकलले मी."

"काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे. वीस तेत्रीला एवढे कान कोण देतंय!"

मावशीच्या यंत्राची इंटरनेटवर साइट झाली. आता हिशेबाचं सांगतो, त्याला इलाज नाही, कारण हे सगळं त्या नाण्याभोवतीच फिरतं. जगातून कुठूनही आलेले पैसे बँकेच्या हातून येतात, आणि बँक दर वेळी निदान पंधरा तेत्री कापते. शंभर लारी आल्या तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. वीस तेत्री आले तर मागे पाच उरतात. नाकापेक्षा मोती जड. त्या पाचांतून साइटचं वर्षाचं भाडं काढायचं. मी मावशीला म्हटलं, किंमत एक लारी कर. नाही. तिन्ही आवाजांचा संच कर. मुळीच नाही. मग भाडं कुठून देणार?

त्यावर ती जे म्हणाली, ते तिनं भाकरीवर हात ठेवून म्हटलं, आणि आमच्याकडे भाकरीची शपथ झाली की विषय संपतो. "दोमेन्तीचा पगार आयुष्यभर वाइनच्या हंड्यात गेला. त्याला पोसलं मी. आता त्याच्या आवाजालाही मीच पोसू? माझी पेन्शन छपरासाठी आहे, तिकडे बघ, तीन पातेली लावलीत गळतीखाली. आवाजानं आपली भाकरी आपण कमवावी. पुढच्या नाताळपर्यंत भाडं त्यातून निघालं तर चालू दे. नाही निघालं तर माझ्या पेन्शनीतला एक तेत्री जाणार नाही. बंद."

आणि मग ते नवल सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात बातुमीहून कुणी खालचा आवाज घेतला. मग कुताइसीहून मधला. मग सालोनिकीहून, ब्रुकलिनहून, इटलीतल्या बारीहून. रोज सकाळी मी बाजारात यंत्राच्या पोटात हात घालायचो तेव्हा फोन खिशात थरथरायचा: वीस तेत्री. वीस तेत्री. रस्त्यात पडलं तर म्हातारी माणसंसुद्धा वाकून उचलत नाहीत असलं हे नाणं, आणि ते समुद्र ओलांडून आमच्या ओल्या डोंगरातल्या मेलेल्या माणसाच्या दारात येऊन पडत होतं. मी आयुष्यभर नाणी पोत्यानं वाहिली, पण नाण्याला पाहून टोपी काढावीशी वाटली ती तेव्हाच.

उन्हाळ्यात मी खातं उघडून पाहिलं. इतकी गिऱ्हाइकं, आणि शिल्लक शून्याच्याही खाली! रोजची आवक नोंदत होतो मी, पण खातं मावशीच्या नावावर, जाणाऱ्या पैशांकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं, आणि तसाच गाडी काढून वर तिच्या घरी गेलो. मावशी चुलीपाशी अक्रोड कुटत होती.

"मावशी, तू लोकांचे पैसे परत पाठवतेस?"

"सगळ्यांचे नाही."

"मग कुणाचे?"

"जे चांगलं बोलतात त्यांचे. तो बातुमीचा मुलगा लिहितो, 'आजी, तुमचे हात सुखी राहोत, ऐकून रडलो.' रडलेल्या माणसाकडून पैसे घेऊ? आपल्या पानावर बसून जेवणाचं कौतुक करणाऱ्याला बिल देतात का? तुझ्या आईनं तुला काही शिकवलं की नाही?"

"आईला मध्ये आणू नकोस. अगं, ते वीस आले तेव्हा बँकेनं पंधरा खाल्ले. तू वीसच्या वीस परत केलेस, वर पाठवणावळ आणखी पंधरा. म्हणजे प्रत्येक कौतुकाला आपल्या गाठचे तीस तेत्री जातात! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि कौतुक न करणारं गिऱ्हाईक आहे कुठे? तेलावीचा तो एक खवीस, ज्यानं लिहिलंय की आवाज घोगरा आहे. आपली सगळी साइट त्याच्या वीस तेत्रींवर चाललीये!"

मावशीनं कुटणी खाली ठेवली. "घोगरा म्हणाला? त्याचे कधीच परत करणार नाही."

डोकं आपटावं असं वाटलं, पण तिच्याकडची भिंत ओली होती. जगात कुठला दुकानदार असा बुडाला असेल? लोकांना माल आवडला म्हणून! ही चूक करायला गुरियातच जन्माला यावं लागतं.

नेमका त्याच सुमाराला तिबिलिसीहून रेवाझ आला. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा त्याचा व्यवसाय. माणूस वाईट नव्हता, उलट दोमेन्तीची टेप त्यानं पुन्हा पुन्हा लावली, आणि येताना केकही आणला होता. त्यानं सरळ तीन हजार लारी देऊ केल्या. तेवढ्यात मावशीचं सगळं छप्पर नवं झालं असतं. अट एकच, सुटे आवाज साइटवरून उतरवायचे. तो तिन्ही आवाज एकत्र करून, स्वच्छ करून, सुरेख डब्यात घालून तीस लारींना विकणार.

"दारिकोबाई, एक तृतीयांश गाणं कुणी विकतं का?" तो म्हणाला. "चपलेचा एकच पाय विकल्यासारखं आहे हे. शिवाय बँक तुमचं सगळं खाऊन टाकते, मालखाझनीच सांगितलं मला. लोकांना अख्खं गाणं द्या ना."

मी मान डोलावली. मला त्याचं अक्षर न् अक्षर पटत होतं.

"अख्खं दिलं तर माणूस काय करील?" मावशीनं विचारलं.

"ऐकेल."

"कुठे?"

"घरी. खुर्चीत बसून."

"तेच तर," ती म्हणाली. "तिन्ही मिळाले की खुर्चीत बसून ऐकतो. एकच मिळाला की उरलेले दोघं शोधायला उठावं लागतं."

पातेल्यात छपराचं पाणी पडत होतं. रेवाझनं चष्मा काढून पुसला. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. इतके महिने हे खूळ मी तिच्या हट्टापायी सांभाळत होतो, आणि आत्ता कुठे कळत होतं की तिनं कारखान्याच्या दिवसांत तीन टेप लावले तेव्हापासून तिला हेच हवं होतं.

"आणि दोघं नाही सापडले तर?" रेवाझ हळूच म्हणाला.

"तर शेजाऱ्याला शिकवावं. त्यालाही काही काम नसतंच."

पण ती शपथेची पक्की होती. रेवाझच्या कराराचा कागद तिनं मिठाच्या बरणीखाली ठेवून घेतला. "नाताळला भाडं निघालं नाही तर साइट बंद होईल, आणि मग सही करीन. पलंगाखाली कुजण्यापेक्षा तुमच्या डब्यात बरे." रेवाझ नाताळनंतर येतो म्हणून गेला. मला आता झोप लागेना. आधी मला वाटत होतं की कागदावर सही व्हावी. आता ती होऊ नये म्हणून मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलो, वीस तेत्रींची.

मेणबत्ती लावतानाच अक्कल आली म्हणायला हरकत नाही. समोरच्या बाईनं पाच लारींची नोट दिली, मूठभर मेणबत्त्या घेतल्या, आणि मग एकेका तसबिरीपुढे एकेक लावत सावकाश फिरली. नोट एकदाच मोडली. मी धावत वर गेलो.

"मावशी, बँक दर गाण्याला खात नाही, दर वेळेला खाते. माणसानं पाच लारी एकदा भरल्या तर ती पंधरा तेत्री एकदाच खाईल. मग तो वर्षभर बसून एकेक आवाज उचलेल, वीस-वीस तेत्रींनी. किंमत तीच, मेणबत्तीची."

"न दिलेल्या गाण्याचे पैसे आधी घ्यायचे?" तिचा चेहरा आंबट झाला. "म्हणजे मी लोकांचं देणं लागते. आणि मध्येच मी मेले तर?"

"गाणी गाणारे आधीच मेलेत, मावशी. तू मेलीस तरी गाणी कमी पडायची नाहीत."

हे तिला पटलं. ती हसली सुद्धा. "बरं. पण एका गाण्यातला एकच आवाज."

"एकच. आणि दुसरं म्हणजे कौतुक करणाऱ्याचे पैसे परत नाही पाठवायचे. पानावरच्या पाहुण्यानं भाजीची तारीफ केली तर तू काय करतेस?"

"आणखी वाढते."

"मग वाढ! त्याला त्याच्या आवाजातलं पुढचं गाणं फुकट दे. गाण्याची नक्कल करायला आपल्याला एक तेत्रीही पडत नाही. हंडा रिकामा होतच नाही आपला."

मावशी माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी आत्ता बोलायला शिकलोय. "हे तू उन्हाळ्यात का नाही सांगितलंस? नुसता बोंबलत होतास."

त्या दिवसापासून खातं हळूहळू वर यायला लागलं. मला ते पाहायचं व्यसनच लागलं. कुणी पाच लारी भरायचं आणि आठवड्याला एक आवाज घ्यायचं, कुणी एका बैठकीत संपवून पुन्हा भरायचं. फुकट वाढलेलं एक गाणं खाऊन माणसं आणखी दहा विकत घेत होती. बातुमीचा तो रडणारा मुलगा परत आला आणि त्यानं मित्र आणले, एक मधल्या आवाजाचा, एक वरच्या. एकदा यादीत रेवाझचं नाव दिसलं. त्यानं वीस तेत्री भरून नाताळच्या गाण्यातला खालचा आवाज घेतला होता. मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, उठला खुर्चीतून."

तरीही नाताळ तोंडावर आला तेव्हा चाळीस लारी कमी होत्या. खिशातून टाकाव्यात असं माझ्या मनात हजारदा आलं, पण भाकरीची शपथ माझ्यामुळे मोडली असती तर तिनं मला दारात उभं केलं नसतं. मी तिच्याकडे बसून नुसता फोनकडे बघत होतो. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. बारीहून, इझोल्दा नावाची बाई. चोखाताउरीची, म्हणजे आमच्याच डोंगरातली, आणि आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"हे कसलं खुळचट दुकान आहे तुमचं?" ती कडाडली. "छप्पन लारी भरायला गेले तर म्हणतं, एका माणसाला एकच आवाज!"

"तसाच नियम आहे," मावशी म्हणाली.

"अहो, मी एक माणूस नाही, मी चौदा आहे! आम्ही चौदा जणी इथे म्हाताऱ्या-कोताऱ्यांची सेवा करतो. गुरुवारी दुपारी सुट्टी. बागेत बसतो, भोपळ्याच्या बिया खातो आणि रडतो. एक दिवस एकीला तुमचं सापडलं. तिनं वरचा आवाज घेतला. एकटी काय गाणार, म्हणून दुसरीनं मधला घेतला. आता सगळ्यांना हवंय, प्रत्येकीला वीस गाणी, प्रत्येकीला आपापला आवाज. पैसे माझ्या कार्डावरून, कारण चौदा वेळा भरले तर बँक चौदा वेळा खाते. कळलं का?"

मावशीनं फोन हातानं झाकला. "मालखाझ, हॉटेलात बिल कोण देतं?"

"भांडण होतं आणि मग एकच जण देतो."

"आणि जेवतं कोण?"

"सगळे."

"मग तुझ्या यंत्राला एवढंही कळू नये?"

मी तिथेच बसून यंत्राला ते शिकवलं. पैसे एकाचे, नावं चौदा, प्रत्येक नावाला एकच आवाज. तेवढ्या वेळात त्या दोघींनी चोखाताउरीतल्या निम्म्या लोकांची लग्नं, मयतं आणि भानगडी उरकल्या. मग माझा फोन थरथरला. छप्पन लारी. बँकेनं आपलं तोंड गोड केलं, तरी भाडं निघून वर काही उरत होतं. मी मोठ्यानं ओरडणार, तेवढ्यात इझोल्दाचा आवाज एकदम मऊ झाला.

"दारिकोताई, एक सांगू? तुमच्या नवऱ्यानं जगवलंय हो आम्हाला इथे. देव तुमचे हात सुखी ठेवो."

मी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला माहीत होता.

"मालखाझ," ती म्हणाली, "ह्यांचे पैसे परत कर."

"मावशी! भाकरीची शपथ! चाळीस लारी!"

"घरदार सोडून परक्या म्हाताऱ्यांची सेवा करतात ह्या पोरी. त्यांच्याकडून घेऊ?"

"ऐकलं मी!" फोन गरजला. "परत करून तर बघा! फुकटचं गाणं मागायला आम्ही इथे लोकांची ढुंगणं धुतो का? विकत घेतलंय आम्ही. आमच्या कमाईचं आहे. दोमेन्ती आमचा आहे आता, वीस तेत्रींचा का होईना!"

मावशीनं मिठाची बरणी उचलली, खालचा कागद घेतला आणि चुलीत घातला.

"बरं," ती फोनमध्ये म्हणाली. "पण नाताळला मला ऐकवायचं. फुकट."

त्या वर्षी आमचा, सात जानेवारीचा, नाताळ गुरुवारी आला. मावशीनं अंडं घातलेल्या चंद्रकोरी भाकऱ्या भाजल्या होत्या. छप्पर अजून गळतच होतं. दुपारी मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्यात बारीची बाग उजळली. कोरडी जमीन, खजुराची झाडं, आणि बाकांभोवती जाड कोट घातलेल्या चौदा बायका. इझोल्दा पुढे, खालच्या आवाजात. वरचा आवाज त्सिरा नावाची बाई गाणार होती, साठीची, रुंद खांद्यांची. हे गाणं आमच्याकडे पुरुष गातात, असं कुणीतरी म्हणेल म्हणून मी तयारीत होतो. कुणी म्हणालं नाही.

खालचा आवाज बसला, मधल्यानं सांगायला सुरुवात केली, आणि त्सिरानं वर झेप घेतली. ज्या गळ्यासारखा गळा आमच्या गावात उरला नाही, तो त्या परक्या बागेत, एका बाईच्या तोंडातून निघत होता. सुटा-सुटा, वीस-वीस तेत्रींनी समुद्रापलीकडे गेलेला आवाज तिथे आपले सोबती शोधून पुन्हा उभा राहिला होता.

दुसरी ओळ आली. त्सिराचा आवाज अडला, काहीतरी गिळल्यासारखा झाला, आणि मग वर उडाला.

मावशीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "थांबा, थांबा," ती म्हणाली. गाणं थांबलं. "त्सिरा, दुसऱ्या ओळीत तू काय केलंस ते?"

"चुकलं का, दारिकोताई?" त्सिरा कावरीबावरी झाली. "तुमच्या यजमानांनी तसंच गायलंय. तिथे आवाज अडवून आत ओढायचा, गिळल्यासारखा, आणि मग उडी. सगळ्यात अवघड तेच गेलं मला. आमची म्हातारी दुपारी झोपली की जिन्यात बसून तेवढंच घोकत होते. महिना गेला त्यात. अजून नाही ना जमत?"

मावशी माझ्याकडे वळली. मी काही बोलायच्या आत तिनं मानेनंच मला गप्प केलं.

"जमतंय," ती म्हणाली. "अगदी बरोबर जमतंय. एकही गोष्ट बदलू नकोस. पहिल्यापासून गा."

त्यांनी पहिल्यापासून धरलं. मावशी भाकरी ताटात ठेवून फोनच्या जवळ सरकली, पार नाक लागेल इतकी. पहिली ओळ संपली. दुसरी सुरू झाली तसं तिनं फोनकडे बोट रोखलं आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत असताना ओरडली, "गिळ आधी, मेल्या, मग गा!"

आणि बारीच्या बागेत त्यानं गिळलं, आणि गायला.